रॉबर्ट स्मॉल्स : गुलामांच्या घरादारासह जहाज नेणारा दर्यावर्दी

सैन्यातून किंवा नौदलातून निवृत्त झालेला माणूस गेला की त्याची आठवण काढण्याचा आपल्याकडे एक ठरलेला साचा आहे. नोकरी किती वर्षे झाली, पदके किती मिळाली, कोणत्या लढाईत भाग घेतला हे आधी सांगायचे आणि शेवटी एक वाक्य जोडायचे की ते कुटुंबवत्सल होते. जणू देशसेवा एका कप्प्यात आणि बायकामुले दुसऱ्या कप्प्यात. ज्यांचे घर कधी कोणी लिलावात काढले नाही, ज्यांच्या लेकरांवर दुसऱ्या कोणाचा मालकी हक्क नव्हता, त्यांच्या बाबतीत हे कप्पे चालून जातात. पण ज्या माणसाची बायको दुसऱ्याची मालमत्ता होती आणि जन्मलेले मूलही कायद्याने त्याचे स्वतःचे नव्हते, त्याने कुटुंबवत्सल असणे म्हणजे काय? त्याने कुटुंबवत्सल असणे हेच बंड होते. अमेरिकेतील रॉबर्ट स्मॉल्स यांचे चरित्र हे या बंडाचे चरित्र आहे.

दक्षिण कॅरोलिना राज्यातील ब्यूफोर्ट या गावी ५ एप्रिल १८३९ रोजी रॉबर्टचा जन्म झाला. आई लिडिया ही गुलाम होती. मालकाच्या घरामागे गुलामांसाठी बांधलेल्या खोपटात तिने या मुलाला जन्म दिला. त्या काळच्या कायद्याप्रमाणे आई ज्याची गुलाम, तिचे मूलही त्याचेच गुलाम. म्हणजे जन्माला येताक्षणीच त्याचा दर्जा ठरला. गुण, बुद्धी, कष्ट यांचा प्रश्नच नाही. जन्मावरून माणसाची किंमत ठरवणारी व्यवस्था कशी असते हे आपल्या वाचकांना वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

याच राज्याने १८३४ साली कायदा करून गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणे हा गुन्हा ठरवला होता. ज्याला राबवायचे त्याच्या हाती अक्षर पडू द्यायचे नाही, हे तंत्र जगभरच्या शोषकांना कोणी एकत्र बसवून शिकवले नसले तरी सगळ्यांना अगदी सारखेच येते.

वयाच्या बाराव्या वर्षी मालकाने रॉबर्टला चार्ल्सटन शहरात मजुरीला धाडले. मुलगा कष्ट करणार आणि मजुरी मालकाच्या खिशात जाणार. आठवड्याला एक डॉलर तेवढा त्याच्या हातावर ठेवला जाई. आधी हॉटेलात काम केले, मग रस्त्यावरचे दिवे लावले आणि शेवटी तो गोदीत पोहोचला. तिथे माल चढवणे-उतरवणे, दोर आणि शिडे सांभाळणे, असे करता करता त्याने जहाजाचे सुकाणू हाती घेतले. चार्ल्सटनच्या बंदरातील खोल पाणी कुठे, वाळूचे दांडे कुठे, भरती-ओहोटीला प्रवाह कसा वळतो, हे सारे त्याला तोंडपाठ झाले. कामाने तो पायलट होता. पण पायलट हा मानाचा शब्द गोऱ्यांसाठी राखून ठेवलेला होता, म्हणून गुलामाला नुसते ‘चाक धरणारा’ म्हणत. काम तेच, धोका तोच, कसब तेच. फक्त नाव खालचे. श्रम घ्यायचे आणि श्रमाची प्रतिष्ठा नाकारायची, ही चाल आपल्याला ओळखीची आहे.

२४ डिसेंबर १८५६ रोजी, सतराव्या वर्षी, रॉबर्टने हॅना जोन्स या स्त्रीशी लग्न केले. ती हॉटेलात मोलकरीण होती, गुलाम होती आणि त्याच्यापेक्षा वयाने मोठी होती. तिला आधीच्या दोन मुली होत्या. त्या मुलींसह त्याने संसार मांडला. गुलामांच्या लग्नाला कायद्याची मान्यता नव्हती. मालकाच्या मनात आले तर उद्या बायको एका गावी आणि मुले दुसऱ्या गावी विकली जाऊ शकत होती. १८५८ साली त्यांना एलिझाबेथ ही मुलगी झाली आणि बाप म्हणून त्याच्यापुढे सरळ प्रश्न उभा राहिला. ही मुलगी माझी की हॅनाच्या मालकाची? कायदा म्हणत होता, मालकाची. तेव्हा या माणसाने बायको आणि मुलगी रीतसर विकत घेऊन मोकळी करायचे ठरवले. मालकाने किंमत सांगितली ८०० डॉलर. रॉबर्टकडे जमले होते जेमतेम १००.

वाचकांनी हा हिशेब जरा थांबून पाहावा. स्वतःच्या लेकीची किंमत ८०० डॉलर, आणि ती मोजायची त्या माणसाने, ज्याच्या मजुरीचा मोठा वाटा दुसऱ्याच्याच खिशात जातो. पुढे १८६१ साली मुलगा झाला. हा हिशेब प्रामाणिकपणे फेडत बसायचे म्हटले तर एक आयुष्य पुरले नसते. रॉबर्टने हिशेबाची वहीच फाडायचे ठरवले.

१८६१ साली गुलामगिरी टिकवण्यासाठी दक्षिणेकडील राज्ये संघराज्यातून फुटली आणि यादवी युद्ध सुरू झाले. बंडखोर सैन्याने दारूगोळा वाहण्यासाठी ‘प्लँटर’ नावाचे वाफेचे जहाज कामाला लावले होते. त्या जहाजाचे चाक रॉबर्टच्या हाती होते. बंदराच्या तोंडाशी संघराज्याच्या नौदलाने नाकेबंदी केली होती. डेकवरून ती जहाजे दिसत. गुलाम खलाशी रोज ती पाहत होते आणि मनात अंतर मोजत होते.

१२ मे १८६२ च्या संध्याकाळी जहाजावरचे तिन्ही गोरे अधिकारी रात्र काढायला किनाऱ्यावर गेले. जहाजावर तोफा चढवलेल्या, दारूगोळा भरलेला, लाकडे भरलेली. पहाटे तीनच्या सुमारास रॉबर्ट आणि त्याच्या साथीदारांनी बॉयलर पेटवला. त्याने कप्तानाचा कोट चढवला आणि कप्तानाची गवताची हॅट डोक्यावर घातली. पण जहाज थेट समुद्राकडे गेले नाही. ते आधी दुसऱ्या धक्क्याला लागले, कारण तिथे हॅना, मुले आणि इतर खलाशांच्या घरच्या बायका व लेकरे लपून वाट पाहत होती.

या ठिकाणी थांबून विचार केला पाहिजे. एकट्या माणसाला पळणे सोपे होते. धक्क्याला थांबणे म्हणजे वेळ घालवणे, आवाज होणे, कोणाच्या तरी नजरेत येणे. रडणारे एक मूल सर्वांचा जीव घेऊ शकत होते. तरीही जहाज थांबले. पकडले गेलो तर जिवंत हाती लागायचे नाही, जहाज बुडवायचे आणि सर्वांनी हातात हात धरून पाण्यात उडी घ्यायची, असे आधीच ठरले होते. हॅनाला बेत सांगितला तेव्हा तिने जिवाचा धोका विचारून घेतला आणि तुम्ही जाल तिथे मीही येईन, असे उत्तर दिले. इतिहासात नाव रॉबर्टचे लागले. पण त्या रात्री कडेवर मूल घेऊन अंधारात जहाजावर चढलेल्या बायकांचे धैर्य कमी प्रतीचे नव्हते.

वाटेत बंडखोरांचे पाच किल्ले होते. प्रत्येक ठिकाणी शिट्टीचा ठरलेला इशारा द्यावा लागे. रॉबर्टने तो बिनचूक दिला. शेवटचा आणि सर्वात भयंकर फोर्ट समटर. पहाटे साडेचारच्या सुमारास जहाज त्याच्या तोफांखालून गेले. हॅट घातलेला, कप्तानाच्या ऐटीत उभा असलेला माणूस लांबून कप्तानच वाटला. तोफांच्या पल्ल्याबाहेर गेल्यावर बंडखोरांचा झेंडा उतरवला आणि हॅनाने आणलेली पांढरी चादर वर चढवली. नाकेबंदीतील ‘ऑनवर्ड’ हे जहाज गोळे डागण्याच्या तयारीत होते. चादर वेळेवर दिसली. १३ मे १८६२ च्या सूर्योदयाला २३ वर्षांचा रॉबर्ट स्मॉल्स, त्याची बायको आणि त्याची मुले कोणाचीही मालमत्ता राहिली नाहीत.

त्यांनी संघराज्याच्या नौदलाला नुसते जहाज दिले नाही. तोफा दिल्या, बंडखोरांच्या गुप्त इशाऱ्यांची वही दिली, बंदरात पेरलेल्या सुरुंगांची माहिती दिली. कोल्स बेटावरचा तळ बंडखोरांनी रिकामा केला आहे ही बातमीही त्यांनीच दिली आणि ते बेट लवकरच संघराज्याच्या ताब्यात आले. शत्रूचे जहाज पकडून आणणाऱ्यांना बक्षीस देण्याचा नौदलाचा रिवाज होता. स्मॉल्स यांच्या वाट्याला १,५०० डॉलर आले. पुढे १८८३ साली संसदेपुढे आलेल्या अहवालाने मान्य केले की, त्या वेळी जहाजाची किंमत हास्यास्पद कमी लावली होती आणि खरी किंमत ६०,००० डॉलरहून अधिक होती. म्हणजे ज्याने स्वातंत्र्य स्वतः मिळवले, त्याच्या शौर्याची मोजणीही खोट्या मापाने झाली.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्मॉल्स वॉशिंग्टनला गेले. काळ्या माणसांना सैन्यात घ्या, ही मागणी त्यांनी तिथे मांडली. युद्धमंत्री स्टँटन यांनी पाच हजारांपर्यंत काळे सैनिक भरती करण्यास परवानगी दिली. शस्त्र हाती का हवे होते? मारण्याच्या हौसेने नव्हे. ज्याला बंदूक दिली त्याला पुन्हा जनावराच्या बाजारात उभे करता येत नाही, म्हणून. आपल्याकडे १८९० च्या दशकात अस्पृश्यांची सैन्यभरती इंग्रजांनी बंद केली तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी विनंतीपत्र लिहिले, त्यामागची तळमळ याच जातीची होती. सैन्य म्हणजे नुसता पगार नव्हता. ते अक्षर होते, पेन्शन होते आणि ताठ मानेने चालण्याची सवय होती.

पुढे स्मॉल्स यांनी युद्धात पायलट म्हणून काम केले. ७ एप्रिल १८६३ रोजी चार्ल्सटनवर हल्ला झाला तेव्हा ‘केओकुक’ या चिलखती जहाजावर ते होते. त्या जहाजाला सुमारे ९० गोळे लागले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते बुडाले. १ डिसेंबर १८६३ रोजी ‘प्लँटर’ दोन बाजूंच्या माऱ्यात सापडले, तेव्हा गोरा कप्तान घाबरून कोळशाच्या कोठीत जाऊन लपला. स्मॉल्स यांनी शरणागती नाकारली. कारण उघड होते. गोरा कप्तान पकडला गेला तर युद्धकैदी ठरणार होता, काळे खलाशी पकडले गेले तर पुन्हा गुलाम तरी होणार होते किंवा मारले तरी जाणार होते. त्यांनी जहाज हाती घेऊन सुखरूप बाहेर काढले आणि त्यानंतर त्यांनाच ‘प्लँटर’चे कप्तान करण्यात आले.

१८६४ साली जहाज दुरुस्तीसाठी फिलाडेल्फियाला गेले. तिथे त्यांनी दोन अनुभव घेतले. एक म्हणजे लिहायला-वाचायला शिकले. दुसरा अनुभव असा की, घोड्याच्या ट्राममध्ये त्यांना गोऱ्यासाठी जागा सोडायला सांगण्यात आले. ते गाडीतून उतरून गेले. युद्धातील एका वीराचा हा अपमान गाजला, चळवळ झाली आणि १८६७ साली पेनसिल्व्हानिया राज्याने ट्राममधील भेदभाव कायद्याने बंद केला. उत्तरेत गुलामगिरी नव्हती, पण शिवाशिव होतीच. कायद्याने गुलामगिरी गेली म्हणजे मनातून गेली असे समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

युद्ध संपल्यावर स्मॉल्स ब्यूफोर्टला परतले. ज्या घरामागच्या खोपटात आईने त्यांना जन्म दिला, ते मालकाचे मोठे घर कर थकल्याने सरकारने जप्त केले होते. स्मॉल्स यांनी ते विकत घेतले. त्या मालमत्तेवर दावा सांगणाऱ्यांनी खटला भरला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १८७८ साली निकाल स्मॉल्स यांच्या बाजूने लागला. जिने त्या घरात आयुष्यभर दुसऱ्यांची उष्टी काढली, ती आई लिडिया त्याच घरात मालकाची आई म्हणून राहिली. कुटुंबवत्सल या शब्दाला यापेक्षा मोठा अर्थ असू शकेल काय? जुन्या मालकाची म्हातारी बायको निराधार झाली तेव्हा तिलाही त्यांनी त्या घरात आसरा दिला, असे सांगतात. सूड घेण्याची ताकद असताना माणुसकी दाखवणे ही दुर्बळाची क्षमा नसते.

१८६८ साली दक्षिण कॅरोलिनाची नवी राज्यघटना लिहिण्यासाठी जी सभा भरली, तिचे स्मॉल्स सदस्य होते. ज्या राज्यात काळ्यांना अक्षर शिकवणे गुन्हा होता, त्या राज्यात सर्व मुलांना मोफत आणि सक्तीचे शिक्षण मिळावे यासाठी त्यांनी तिथे आग्रह धरला. पुढे ते राज्याच्या विधिमंडळात आणि १८७५ पासून अमेरिकेच्या संसदेत गेले. १८७३ साली जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केले, त्या वर्षी स्मॉल्स आपल्या राज्याच्या सिनेटमध्ये बसत होते. जोतीरावांना दूर पुण्यात बसून ज्या परिवर्तनाचे मोल कळले, त्याचे ते चालते-बोलते उदाहरण होते.

पण प्रस्थापित गप्प बसत नाहीत. १८७६ च्या जुलैमध्ये हॅम्बर्ग येथे काळ्यांचे हत्याकांड झाले. १८७७ साली स्मॉल्स यांच्यावर लाच घेतल्याचा खटला चालवून शिक्षा सुनावण्यात आली. विरोधी पक्षाच्या लोकांवरील निवडणूक घोटाळ्याचे खटले मागे घेण्याच्या सौद्यात १८७९ साली त्यांना माफी मिळाली. या गोष्टी लपवण्याचे कारण नाही. ज्यांना मतपेटीत हरवता येत नाही त्यांना कोर्टकचेरीत अडकवण्याचा मार्ग किती जुना आहे, एवढेच त्यातून कळते.

१८९५ साली दक्षिण कॅरोलिनात पुन्हा घटना लिहिण्यासाठी सभा भरली. या वेळी उद्देश उलटा होता, काळ्यांचा मताधिकार काढून घेण्याचा. राज्यात बहुसंख्या काळ्यांची, पण सभेत काळे सदस्य होते फक्त सहा. त्यांत स्मॉल्स होते. मतदाराने घटनेतील कलम वाचून दाखवावे किंवा ३०० डॉलरची मालमत्ता दाखवावी, अशा अटी आणल्या गेल्या. आधी शिक्षण नाकारायचे, मग अशिक्षित म्हणून मत नाकारायचे. स्मॉल्स यांनी या कारस्थानाला भर सभेत विरोध केला. आमच्या लोकांना कोणाच्या खास मेहरबानीची गरज नाही, जगण्याच्या लढाईत फक्त बरोबरीची संधी हवी, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. घटनेवर सही केली नाही तर प्रवासखर्च मिळणार नाही, असे सांगण्यात आले. त्यांनी ऐकवले की, सही करण्यापेक्षा मी ब्यूफोर्टपर्यंत पायी चालत जाईन. घटना मंजूर झाली. त्यांची सही त्यावर नाही.

याच वर्षी त्यांची दुसरी पत्नी अ‍ॅनी वारली. हॅना १८८३ सालीच गेल्या होत्या. १८९० साली त्यांनी शिक्षिका असलेल्या अ‍ॅनी यांच्याशी लग्न केले होते आणि १८९२ साली विल्यम हा मुलगा झाला होता. एकीकडे आपल्या साऱ्या समाजाचे मत हिरावले जात होते आणि दुसरीकडे घरात तीन वर्षांचे आईविना लेकरू होते. सभागृहात न वाकलेला हा माणूस घरी जाऊन त्या मुलाचा बाप आणि आई दोन्ही झाला.

नौदलाने त्यांना काय दिले? युद्धात पायलट म्हणून घेतले, जहाज चालवून घेतले, सतरा चकमकींत वापरून घेतले. पण नौदलाच्या निवृत्त अधिकाऱ्यांच्या यादीत नाव घालण्याची वेळ आली तेव्हा सांगण्यात आले की, यांची अधिकारी म्हणून रीतसर नेमणूक झालीच नव्हती. १८८३ चे विधेयक पडून राहिले. १८९७ साली संसदेने खास कायदा करून नौदलाच्या कप्तानाइतकी, म्हणजे महिन्याला ३० डॉलर पेन्शन मंजूर केली. ‘प्लँटर’च्या बक्षिसाची उरलेली रक्कम धरून एकूण ५,००० डॉलर देण्याचा कायदा झाला १९०० साली. म्हणजे ३८ वर्षांनी. काम करताना कागद कोणी मागितला नाही, हक्क मागितला तेव्हा मात्र कागद आडवा आला. आपल्याकडे किती तरी निवृत्त जवानांच्या विधवांनी, गोदी कामगारांनी, सफाई कामगारांनी हे वाक्य खिडकीपाशी उभे राहून ऐकले आहे. म्हणून चळवळीच्या प्रत्येक घरात नेमणुकीचा कागद, पगाराची चिठ्ठी, जातीचा दाखला जपून ठेवण्याची शिस्त हवी. शौर्य विसरले जाते, कागद विसरला जात नाही.

२३ फेब्रुवारी १९१५ रोजी स्मॉल्स यांनी ब्यूफोर्टच्या त्याच घरात देह ठेवला. तेव्हा बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. पुढे १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतील काळ्यांच्या प्रश्नाबद्दल आस्था व्यक्त केली आणि संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली. दोन समाजांची ही ओळख आजची नाही. ती पुढची पिढी विसरणार नाही याची जबाबदारी आपली आहे.

१ मार्च २०२३ रोजी अमेरिकन नौदलाने आपल्या एका युद्धनौकेचे नाव बदलले. तिचे आधीचे नाव गुलामगिरीसाठी लढणाऱ्या बंडखोरांच्या विजयाची आठवण म्हणून दिले होते. नवे नाव आहे ‘रॉबर्ट स्मॉल्स’. ज्या माणसाला जिवंतपणी यादीत जागा दिली नाही, त्याचे नाव शंभराहून अधिक वर्षांनी जहाजावर रंगवले गेले. आनंदाची गोष्ट आहे. पण नामांतराने समाधान मानणारे आपण नव्हे. मराठवाड्यातील आपल्या माणसांनी नामांतरासाठी रक्त सांडले ते नावाच्या पाटीसाठी नव्हे, त्या पाटीखालच्या वर्गात आपल्या लेकरांना मानाने बसता यावे म्हणून.

स्मॉल्स यांनी घर, शाळा आणि मत या तीन गोष्टींसाठी आयुष्य खर्च केले. घर त्यांनी मिळवले आणि राखले. शाळा त्यांनी घटनेत आणली. मत त्यांच्या डोळ्यांदेखत काढून घेतले गेले आणि ते परत मिळवायला त्यांच्या लोकांना १९६५ पर्यंत लढावे लागले. मिळालेला हक्क कायम राहतो असे नाही. त्यावर पहारा द्यावा लागतो आणि तो पहारा एकट्या पुढाऱ्याने द्यायचा नसतो. त्या पहाटे जहाजावर पुरुष होते, बायका होत्या, कडेवरची मुले होती. सारे घर चढले होते. चळवळीच्या जहाजावरही सारे घरच चढले पाहिजे.